झाडावर नोटीस लागली, आता काय करायचं? वृक्षतोडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्ता रुंदीकरण, सोसायटीचा पुनर्विकास, मेट्रोचं स्टेशन, नाल्याची भिंत. कारण कोणतंही असो, एक दिवस खोडाला कागद चिकटतो आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो फिरू लागतो. पुढची प्रश्नोत्तरं त्या फोटोनंतरच्या पहिल्या काही दिवसांसाठी आहेत. शहरातली कितीतरी चांगली झाडं हरकतीची मुदत कुणाच्या लक्षात आली नाही म्हणून जातात. ते टळावं एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

शहरातल्या झाडांना कोणता कायदा लागू होतो?

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत हाच कायदा चालतो. त्याखाली प्रत्येक शहरात वृक्ष प्राधिकरण, म्हणजे झाडांबाबत निर्णय घेणारी समिती असते आणि वृक्ष अधिकारी नेमलेला असतो. 'झाड तोडणे' या शब्दांत जाळणं, छाटणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. बुंध्याशी ॲसिड ओतणं किंवा साल गोल सोलून झाड वाळवणं हीसुद्धा कायद्याने तोडच आहे. २०२१ मध्ये कायद्यात मोठी सुधारणा झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना 'वारसा वृक्ष' ही ओळख मिळाली आणि बेकायदा तोडीचा दंड झाडामागे एक लाख रुपयांपर्यंत गेला.

गावाकडे महाराष्ट्र झाडे तोडण्याचे (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो. त्यात साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, ऐन अशा ठरावीक जातींनाच संरक्षण आहे. गोव्यात १९८४ चा वेगळा कायदा आहे. खालची बरीचशी उत्तरं मात्र महाराष्ट्रातल्या शहरांपुरतीच आहेत.

झाड आमच्याच सोसायटीच्या आवारात आहे. तरी परवानगी लागते?

लागते. जमीन तुमची असली तरी झाड तोडण्याचा अधिकार परवानगीशिवाय मिळत नाही. 'आपलंच झाड आहे, कोण विचारतंय' असं म्हणणारे चेअरमन भेटले तर त्यांना दंडाची रक्कम शांतपणे सांगा.

नोटीस पाहिल्याबरोबर काय करायचं?

फोटो काढा. एक फोटो जवळून, अक्षरं वाचता येतील असा, आणि एक लांबून, ज्यात झाड, कागद आणि आजूबाजूची इमारत एकत्र दिसेल. फोनमधलं लोकेशन चालू ठेवा. मग कागद नीट वाचा. अर्जदार कोण, झाडं किती, कोणत्या जातीची, त्यातली किती तोडायची आणि किती पुनर्रोपित करायची, कारण काय, हरकत कुठे आणि कधीपर्यंत द्यायची, हे सगळं त्यात असायला हवं. कायद्याप्रमाणे जाहीर सूचना स्थानिक वर्तमानपत्रात यायला हवी आणि झाडाच्या दर्शनी भागावरही लागायला हवी. दोन्हींपैकी एक जरी राहिलं असेल तरी तो हरकतीतला पहिला मुद्दा होतो. म्हणूनच ज्या झाडांवर कागद नाही त्यांचेही फोटो त्याच दिवशी काढा. 'नोटीस लावली होती, कुणीतरी फाडली' हे उत्तर पुढे हमखास येतं.

मग झाडं स्वतः मोजा. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर, शिंप्याच्या टेपने घ्या. यादीत पंधरा झाडं आणि जागेवर एकोणीस, यादीत 'सुबाभूळ' आणि जागेवर कडुनिंब, असले फरक वारंवार सापडतात. वयाचा अंदाज घेरावरून बांधला जातो आणि बदल्यात किती झाडं लावायची ते वयावरून ठरतं. त्यामुळे घेर कमी दाखवण्यात कुणाचा फायदा आहे ते वेगळं सांगायला नको.

हरकत घ्यायला किती दिवस मिळतात?

बहुतेक नोटिशींमध्ये सात दिवस दिलेले असतात. मात्र नोटिशीवर छापलेली तारीखच प्रमाण धरा. हरकत ईमेलने पाठवाच, पण एक छापील प्रत उद्यान विभागात किंवा क्षेत्रीय कार्यालयात नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. पोच नसलेली हरकत पुढे कुठेही उभी राहत नाही.

यापलीकडे आणखी एक मुदत आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. परवानगी दिल्यानंतरही पंधरा दिवस उलटेपर्यंत झाड तोडता येत नाही. या काळात परवानगीवर हरकत आली तर विषय फेरविचारासाठी प्राधिकरणापुढे ठेवून हरकतदाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. पहिली मुदत हुकली म्हणून हात टेकू नका. परवानगीचा आदेश कोणत्या तारखेला निघाला आणि लोकांना कधी कळला, हे लगेच शोधा.

हरकतीत नेमकं काय लिहायचं?

झाडं ऑक्सिजन देतात हे अधिकाऱ्यांना माहीत असतं. त्यावर अर्धं पान खर्च करू नका. हरकत 'या झाडाबद्दल' असली पाहिजे.

कायदा म्हणतो की झाड मेलेलं असेल, रोगट असेल, वाऱ्याने उन्मळलं असेल, जीविताला किंवा मालमत्तेला त्याचा धोका असेल किंवा ते वाहतुकीला अडथळा करत असेल, तर परवानगी नाकारता येत नाही. म्हणूनच अर्जांमध्ये हीच कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. तुमचं काम त्या कारणाला पुराव्याने भिडायचं. 'रोगट' म्हटलं असेल तर नव्या पालवीचे, मोहोराचे तारखेसह फोटो लावा. 'धोकादायक' म्हटलं असेल तर तपासणी कुणी केली, कधी केली आणि अहवाल कुठे आहे, ते विचारा. 'वाहतुकीला अडथळा' असेल तर रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी मोजा, झाड कडेला आहे की मध्ये ते दाखवा आणि तिथे रोज कोणत्या गाड्या उभ्या असतात त्याचेही फोटो जोडा.

त्यानंतर पर्याय सुचवा. हा भाग बहुतेक हरकतींमध्ये नसतो आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. कंपाउंडची भिंत चार फूट आत घेता येईल का, पार्किंगचा रॅम्प दुसऱ्या बाजूने काढता येईल का, पदपथ झाडाला वळसा घालून नेता येईल का, गटाराची लाइन सरकवता येईल का, हे लिहा. गल्लीत एखादा आर्किटेक्ट किंवा सिव्हिल इंजिनीअर असतोच. त्याच्याकडून हाताने काढलेला नकाशा घेतला तरी चालतो. असा कागद समोर आला की 'गरज आहे म्हणून तोडतो' एवढं म्हणून अधिकाऱ्याला सुटता येत नाही, पर्याय का नाकारला ते त्याला लिहावं लागतं.

शेवटी लेखी मागण्या करा: सुनावणी द्या, स्थळपाहणी हरकतदारांसमोर करा, पाहणी अहवालाची प्रत द्या.

एकाच मजकुराच्या हजारो हरकती पाठवल्या तर दबाव येतो ना?

बातमी होते, आणि बातमीचा उपयोग असतोच. पण मुंबईच्या आरे कॉलनीचा अनुभव समोर ठेवायला हवा. मेट्रो-३ च्या कारशेडसाठी २,१८५ झाडं तोडण्याचा प्रस्ताव होता आणि त्यावर ८० हजारांहून अधिक हरकती आल्या. तरीही २९ ऑगस्ट २०१९ ला वृक्ष प्राधिकरणाने मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला 'जैसे थे'चा आदेश दिला, तोवर २,१४१ झाडं गेली होती. पंधरा दिवसांची मुदत केव्हापासून मोजायची यावर त्या रात्री आणि नंतरही मोठा वाद झाला.

त्या लोकांची मेहनत वाया गेली असं मी म्हणणार नाही. आरेच्या आंदोलनामुळेच वृक्ष प्राधिकरण नावाची गोष्ट आहे हे राज्यभरातल्या लोकांना कळलं, आणि पुढे आरेची शेकडो एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. कोर्टाने ८४ झाडांपुरती मुभा दिलेली असताना जास्त झाडांची परवानगी मागितली, म्हणून एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो कंपनीला १० लाखांचा दंडही केला. अर्थात कामाला उशीर नको म्हणून १७७ झाडांची परवानगी त्याच आदेशात मिळाली. आपल्या कामापुरतं यातून घ्यायचं ते एवढंच की हजार छापील हरकतींसोबत नीट अभ्यासलेल्या दहा हरकती असल्याच पाहिजेत. सुनावणीत त्या दहांनाच उत्तर द्यावं लागतं.

'एका झाडाच्या बदल्यात इतकी झाडं लावू' असं सांगतात. मग विरोध कशाला?

नियम असा आहे की तोडल्या जाणाऱ्या झाडाचं जितकं वय, तितकी झाडं लावायची. चाळीस वर्षांच्या झाडामागे चाळीस. रोपं किमान सहा ते आठ फूट उंचीची हवीत, त्यांचं जिओ-टॅगिंग, म्हणजे प्रत्येक झाडाच्या नेमक्या जागेची डिजिटल नोंद हवी आणि सात वर्षं निगा राखायला हवी. कागदावर हे चांगलंच आहे. अडचण जागेची येते. कोथरूडमधलं झाड जातं आणि बदलीची झाडं शहराच्या पार कडेला, जिथे पाण्याचा टँकरही पोचत नाही अशा माळावर लागतात. दुपारी ज्याच्या सावलीत भाजीवाल्या मावशी बसायच्या, त्या पर्जन्यवृक्षाची भरपाई त्या माळावर कशी होणार?

रोप मोठं व्हायला लागणारा काळ हा दुसरा मुद्दा. मार्च २०२५ मध्ये मथुरा-वृंदावन भागातल्या ४५४ झाडांच्या बेकायदा तोडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक झाडामागे एक लाखाचा दंड कायम ठेवला. तेवढं हरित आच्छादन पुन्हा उभं राहायला किमान शंभर वर्षं लागतील, असं कोर्टाने त्या वेळी नमूद केलं. हा आदेश हरकतीत जरूर नमूद करा.

नाशिकच्या तपोवनातही हाच वाद झाला. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी सुमारे १८०० झाडांबाबत २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नोटीस निघाली. एका ठिकाणचं उभं वन काढून दुसरीकडे रोपं लावण्याची भाषा नाशिककरांना पटली नाही. साहित्यिक, कलाकार, विद्यार्थी, रोज फिरायला येणारे ज्येष्ठ, सगळे रस्त्यावर आले.

पुनर्रोपण करणार असतील तर?

झाड कोणतं ते विचारा. वड, पिंपळ, उंबर ही मंडळी बरीच तग धरतात. सोटमुळाची, वय झालेली झाडं उपटून नेली की बहुतेकदा वर्षभरात वाळतात. मुळांचा गोळा किती मोठा ठेवणार, फांद्या किती उतरवणार, कुठे लावणार, पाणी कोण घालणार, हे लेखी घ्या. एका दिवसात जेसीबीने उपटून ट्रकमध्ये घातलेलं झाड पुनर्रोपित म्हणून मोजू देऊ नका.

'ते विदेशी झाड आहे, गेलं तरी चालेल' याला काय उत्तर द्यायचं?

गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेचं, हे खरं आहे. नवीन लावताना ताम्हण, बहावा, करंज, कांचन, पळस अशी आपली झाडंच लावावीत, यावर दुमत नाही. पण कायद्यातलं संरक्षण देशी-विदेशी पाहून मिळत नाही. साठ वर्षांच्या पर्जन्यवृक्षावर पावसाळ्यात बगळ्यांची आणि पाणकावळ्यांची वसाहत असते. ती उद्या लावलेल्या ताम्हणावर येणार नाही. टेकडीवरचं गिरिपुष्प टप्प्याटप्प्याने काढून देशी झाडं वाढवणं हे वेगळं काम आहे. ते करणारे लोक आधी लावतात आणि मग काढतात.

झाड खरोखर धोकादायक असेल तर?

तर ते उतरवायलाच हवं आणि तसं मोकळेपणाने म्हणायलाही हवं. पावसाळ्यात झाड पडून माणसं दगावतात. प्रत्येक झाडासाठी तितक्याच जोराने भांडलो तर खऱ्या झाडाच्या वेळी आपलं कुणी ऐकणार नाही. फक्त ते धोकादायक का झालं, हेही विचारा. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं, पदपथाचे ब्लॉक खोडाला भिडवले, केबलसाठी एका बाजूची मुळं कापली आणि फांद्या एकाच बाजूने छाटल्या की कोणतंही झाड कलणार. दिल्लीबाबत राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या खास न्यायालयाने, २०१३ मध्येच झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. तुमच्या गल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट फोडून आळं करून द्या, अशी मागणी वॉर्ड ऑफिसात आजही करता येते. त्यासाठी नोटिशीची वाट पाहायची गरज नाही. खिळे, लोखंडी तारा आणि क्लासच्या जाहिरातींच्या पाट्या काढण्याचं कामही तसंच. पुण्यात सुरू झालेली 'खिळेमुक्त झाडं' मोहीम अनेक शहरांतल्या तरुणांनी उचलून धरली. रविवारच्या सकाळी शाळकरी मुलांनाही यात घेता येतं.

मे महिन्यातली छाटणी कायदेशीर असते का?

परवानगीने, शास्त्रशुद्ध केलेली असेल तर हो. झाडाचा नुसता खांब उरला असेल तर ती तोडच आहे. तक्रार करा. फांद्यांवर घरटी असतील तर काम थांबवायला सांगा. घरटी उद्ध्वस्त करणं किंवा अंडी नष्ट करणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. अशा वेळी वनविभागालाही फोन करा.

आत्ता, या क्षणी करवत चालू आहे. काय करू?

आधी परवानगीचा कागद दाखवायला सांगा. काम करणाऱ्या मजुरांशी भांडू नका, त्यांच्या हातात काही नसतं. मुकादमाला किंवा ठेकेदाराला विचारा. कागदावर झाडांची संख्या, क्रमांक आणि तारीख पाहा, पंधरा दिवस झालेत का ते मोजा. कागद नसेल किंवा जुळत नसेल तर व्हिडिओ सुरू ठेवा, वृक्ष अधिकाऱ्याला आणि पोलिसांना कळवा, आणि पंचनामा झाल्याशिवाय ओंडके हलवू देऊ नका. ओंडके गेले की पुरावा गेला. तोड बहुधा शनिवारी, रविवारी किंवा जोडून सुट्ट्यांमध्ये होते. म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच दोघा-तिघांनी जागेवर नजर ठेवायचं ठरवून घ्या.

आमच्यावर गुन्हा दाखल होईल का?

शांतपणे उभं राहणं, फोटो काढणं, कागद मागणं हा गुन्हा नाही. पण जमावबंदीचा आदेश असेल तर परिस्थिती बदलते. आरेमध्ये २०१९ ला २९ आंदोलकांना अटक झाली होती, त्यात विद्यार्थीही होते. ज्यांच्या नोकरीचा, पासपोर्टचा प्रश्न आहे त्यांना पुढे उभं करू नका. कागदपत्रं, फोन, डबे, पाणी अशी मागची कामंही तितकीच लागतात. ओळखीच्या वकिलाचा नंबर प्रत्येकाच्या खिशात कागदावर लिहिलेला असू द्या.

कोर्टात जायचं तर हायकोर्ट की हरित लवाद?

१९७५ च्या कायद्याखालच्या परवानगीला आव्हान द्यायचं तर साधारणपणे उच्च न्यायालय. हरित लवाद ज्या सात कायद्यांखालचे वाद ऐकतो त्यांत हा राज्याचा कायदा नाही. प्रश्न नदीपात्रातल्या भरावाचा, वनजमिनीचा किंवा पर्यावरण मंजुरीचा असेल तर लवादाचा रस्ता खुला आहे. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठीचं खंडपीठ पुण्यात बसतं. तिथे मुदतीबाबत फार काटेकोर राहावं लागतं. वाद उपस्थित झाल्यापासून सहा महिने, आणि मंजुरीविरुद्ध अपील असेल तर अवघे तीस दिवस. खारफुटी असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल भक्कम आधार आहे. त्यात खारफुटीभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित आहे.

कोर्टात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, 'तुम्ही हरकत घेतली होती का?' शिक्का मारलेली ती प्रत तेव्हा लागते.

नोटीस लागायच्या आधीच काही करता येतं का?

येतं, आणि तेच सर्वांत परिणामकारक असतं. रस्त्याची रेघ विकास आराखड्यात आली की झाडाचं भवितव्य निम्मं ठरलेलंच असतं. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकतींसाठी मुदत असते आणि त्या नकाशाकडे आपण क्वचितच पाहतो. पुण्याच्या वेताळ टेकडीचं उदाहरण घ्या. बालभारती ते पौड फाटा रस्त्याची आखणी कित्येक वर्षं आराखड्यात आहे. एप्रिल २०२३ मध्ये हजारो पुणेकर टेकडीसाठी मोर्चात चालले ते त्या रेघेविरुद्ध. त्याच शहरात समाविष्ट गावांमधल्या टेकड्यांच्या सुमारे ९७८ हेक्टरांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टिकलं. अनेक वर्षं आराखड्याच्या सुनावण्यांना चिकाटीने जाणारे लोक होते, म्हणून ते झालं.

सोसायटीच्या पुनर्विकासात हे आणखी सोपं आहे. बिल्डरशी विकास करारनामा होण्याआधीच झाडांची यादी, घेर आणि नकाशा करारनाम्याला जोडा आणि कोणती झाडं राखायची ते कलमात लिहून घ्या. सगळं लक्ष कार्पेट एरियावर आणि भाड्यावर असतं. सर्वसाधारण सभेत हा विषय कुणीतरी काढायला हवा, तो तुम्हीच काढा.

लोक आम्हाला विकासविरोधी म्हणतात. काय सांगायचं?

वाद घालण्याऐवजी पर्यायाचा नकाशा दाखवा. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावात रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात एक प्रचंड वड जाणार होता. तो सुमारे चारशे वर्षांचा असल्याचं मानलं जायचं. २०२० मध्ये लोक त्या वडाखाली उभे राहिले, राज्य आणि केंद्र सरकारपर्यंत विषय गेला आणि आखणीत बदल करून वड वाचवण्याचा निर्णय झाला. महामार्गही झाला. २०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडावर तो वड कोसळला तेव्हा पंचक्रोशीला हळहळ वाटली. एवढ्या वयाच्या झाडाजवळ इतकं मोठं काम चालत असताना त्याच्या मुळांची आणि आधाराची काळजी वाहणारी जबाबदार यंत्रणा हवी, ही मागणी म्हणूनच आखणी बदलण्याच्या मागणीइतकीच लावून धरली पाहिजे.

सगळं करूनही झाड गेलं. आता?

परवानगीच्या आदेशातल्या अटी काढा आणि माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. चार गोष्टी मागा: बदल्यात किती झाडं लावली, कुठे लावली, त्यांचे जिओ-टॅग आणि अर्जदाराकडून घेतलेल्या अनामत रकमेची स्थिती. पत्ते हाती आले की प्रत्यक्ष जागेवर जा. वाळलेली, नसलेली, दोनदा मोजलेली झाडं फोटोसह वृक्ष प्राधिकरणाला कळवा आणि अटींचा भंग म्हणून कारवाई मागा. निगा राखण्याची जबाबदारी सात वर्षांची आहे. म्हणून हा अर्ज दर वर्षी पावसाळा संपला की पुन्हा करायचा आणि ग्रुपमधल्या दोघांनी ते काम वाटून घ्यायचं.